काकांची शुगर त्या मुलीला कशी कळली? डेटाचा वकील नेमकं काय काम करतो



आपल्या एका जुन्या बॅचमधल्या ताई नाशिकमध्ये डायबेटिसच्या पेशंटसाठी घरगुती डबे देतात. ११ डब्यांपासून सुरुवात केली होती, चार वर्षांत ४१२ ग्राहक झाले. त्यांचं नाव मी लिहीत नाहीये, कारण पुढे वाचाल तेव्हा लक्षात येईलच.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांना एका जुन्या ग्राहकाचा फोन आला. सत्तरी ओलांडलेले काका. म्हणाले, "अगं, काल कुठल्याशा कंपनीतून एका मुलीचा फोन आला होता. म्हणाली, काका, तुमची जेवणानंतरची शुगर २४० येते ना, आमची पावडर घेऊन बघा. हा आकडा माझ्या सुनेलासुद्धा माहीत नाही. तुला सांगितला होता फक्त. त्या मुलीला कसा कळला?"

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत असे आणखी नऊ फोन आले.

रात्री ताईंनी मला फोन केला. रडत होत्या. म्हणाल्या, "सर, पोलिसात जाऊ की गप्प बसू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. उलट मला आतून लाज वाटत होती, कारण त्यांच्या बॅचमध्ये मीच फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : ग्राहकाची जितकी माहिती मिळेल तितकी गोळा करा! वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, घरात माणसं किती, आजार कुठला, सगळं एक्सेलमध्ये. ताई हुशार विद्यार्थिनी. त्यांनी अगदी तसंच केलं होतं.

ओळखीतून एका वकील मॅडमचा नंबर मिळाला. टेक्नॉलॉजी आणि डेटा प्रोटेक्शन एवढंच काम करतात. दुसऱ्या दिवशी मी आणि ताई त्यांच्याकडे गेलो. तिथे जे दोन तास घालवले, त्यावर हा लेख आहे. आपल्यातल्या बहुतेकांना सीए माहीत असतो, जीएसटीवाला माहीत असतो, भाडेकरार करून देणारा वकील माहीत असतो. हा वकील मात्र कशाला लागतो हेच माहीत नसतं.

आधी काही पुसू नका

मला वाटलं होतं मॅडम कायद्याचं पुस्तक उघडतील. त्यांनी पहिलं वाक्य बोललं ते असं : "घाबरून काही डिलीट केलंय का?"

ताईंनी केलं नव्हतं, पण करणार होत्या. पूर्ण शीटच उडवायचा विचार होता. मॅडम म्हणाल्या, आत्ता ती शीट म्हणजे तुमचा पुरावा आहे. ती कोणाकोणाबरोबर शेअर आहे त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ दिसेल असा. ज्या ग्राहकांना फोन आले त्यांच्याकडून नंबर आणि वेळ लिहून घ्या. मग पासवर्ड बदला आणि सगळ्यांचा ॲक्सेस काढा. इलेक्ट्रॉनिक पुरावा उद्या कोर्टात द्यायचा झाला, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. म्हणून कुठल्या मशीनवरून काय काढलं याची नोंद पहिल्या दिवसापासून हवी.

दुसरी ताकीद दिली ती व्हॉट्सॲपबद्दल. "तुमचा संशय कोणावर आहे ते मला सांगा. ग्रुपवर टाकू नका. तो निर्दोष निघाला तर अब्रुनुकसानीचा दावा तुमच्यावर येईल."

संशय होता. ॲप बनवून देणारा मुलगा. ओळखीतलाच, फ्रीलान्सर. काम झालं तरी त्याचा ॲक्सेस कोणी काढलाच नव्हता.

मग फळ्यावर चित्र काढलं

आता या वकिलांचं खरं काम सुरू झालं. मॅडमनी मार्कर घेतला आणि विचारलं, "ग्राहक पहिल्यांदा फोन करतो तेव्हापासून त्याचा आकडा कुठे कुठे जातो ते सांगा."

ताई सांगत गेल्या, मॅडम बाण काढत गेल्या. फोनवर घेतलेली माहिती आधी वहीत. वहीतून गुगल शीटमध्ये. शीट कोणाकोणाकडे? ताई, त्यांचे मिस्टर, हिशेब बघणारा भाचा, ॲपवाला मुलगा. शीटची सेटिंग 'लिंक असेल त्या कोणालाही' अशी. त्या शीटचे फोटो रोज सकाळी डिलिव्हरीच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. ग्रुपमध्ये सोडून गेलेली चार मुलं अजून होतीच. फोटोत पत्ता, सोसायटीच्या गेटचा कोड आणि शेजारच्याच रकान्यात शुगर. शिवाय स्वयंपाकघरात भिंतीवर चिकटवलेली प्रिंट. आणि ॲपचा सर्व्हर, जो त्या मुलाच्या नावावर.

फळा भरला तेव्हा ताई गप्प बसल्या होत्या. त्या एका मुलाला धरून बसल्या होत्या, आणि समोर दिसत होत्या बाहेर जायच्या निदान सात वाटा.

मॅडम याला डेटाचा नकाशा म्हणतात. कायद्याचं प्रत्येक कलम त्यानंतर येतं. कोणाशी करार हवा, ग्राहकाला काय सांगायचं, काय पुसायचं, हे सगळं त्या नकाशावरूनच ठरतं. ज्यांना वाटतं वकील म्हणजे काळा कोट आणि तारीख पे तारीख, त्यांनी हे लक्षात घ्या : या वकिलांचा बराचसा वेळ कोर्टाबाहेर जातो. प्रश्न विचारण्यात, करार लिहिण्यात, आणि इंजिनिअरचं बोलणं कायद्याच्या भाषेत आणि कायद्याचं बोलणं आपल्या भाषेत सांगण्यात.

"मी तर छोटी आहे, मला कायदा लागतो का?"

ताईंनी हे विचारलंच. तुम्हीही विचारताय, मला माहीत आहे.

आजही लागतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ए मध्ये, संवेदनशील माहिती सांभाळण्यात हलगर्जीपणा केला आणि त्यातून कोणाचं नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागते. तिथे 'बॉडी कॉर्पोरेट' असा शब्द आहे म्हणून लोक समजतात हे मोठ्या कंपन्यांचं काम. पण त्याच कलमाच्या व्याख्येत प्रोप्रायटरशिपही आहे. म्हणजे तुमची उद्यम नोंदणीवाली एकट्याची फर्मसुद्धा आली. आणि २०११ च्या नियमांत संवेदनशील माहितीची जी यादी आहे, तीत पासवर्ड, बँकेचे तपशील यांच्याबरोबर आरोग्याची स्थितीही आहे. काकांचे २४० त्यातच बसतात.

आता नवा कायदा. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. नियमांत टप्पे आहेत : तुमच्या-माझ्यावर येणाऱ्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. त्याच वेळी जुनं ४३ए जाणार आहे.

(जाता जाता एक गंमत. या कायद्याच्या इंग्रजी मजकुरात व्यक्तीचा उल्लेख सगळीकडे 'ती' असा आहे, पुरुष असो की बाई. मॅडमनी हे हसत सांगितलं. ताई त्या दोन तासांत तेव्हाच एकदा हसल्या.)

जुन्या-नव्यातला एक फरक फारसा कोणी सांगत नाही. जुन्या कलमात पैसे नुकसान झालेल्या माणसाला मिळू शकत होते. नव्या कायद्यात दंड सरकारच्या तिजोरीत जातो. दंड किती, तर सुरक्षा नीट ठेवली नाही म्हणून कमाल २५० कोटी रुपये. हा आकडा दाखवून सध्या यूट्यूबवर भरपूर घाबरवणं चाललंय. कमाल या शब्दाकडे बघा. बोर्डाने दंड ठरवताना चूक किती गंभीर होती, किती काळ चालली, पुन्हा पुन्हा झाली का, नुकसान कमी करायला तुम्ही काय केलं, हे सगळं बघायचं आहे. डबेवाल्या ताईंना कोणी २५० कोटी लावणार नाही. पण "मी छोटी" म्हणून सुटकाही नाही. सरकारला स्टार्टअपसारख्या काही वर्गांना ठरावीक कलमांतून सूट देता येते. त्या ठरावीक कलमांत माहिती सुरक्षित ठेवायची जबाबदारी नाही, आणि फुटली तर कळवायची जबाबदारीही नाही. त्या दोन्ही राहतातच.

दोष त्याचा, जबाबदारी तुमची

ताईंचं म्हणणं होतं, "मॅडम, पण चोरी त्यानं केली!"

मॅडमनी दोन हिशेब वेगळे केले. त्या मुलाने परवानगीशिवाय डेटा उचलला हे सिद्ध झालं, तर आयटी कायद्याचं कलम ४३ आणि ६६ आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. करार मोडून माहिती बाहेर दिली तर ७२ए आहे. सायबर पोलिसांकडे तक्रार करता येते. भरपाईसाठी राज्याच्या आयटी सचिवांसमोर ॲडज्युडिकेटिंग ऑफिसर म्हणून अर्ज करता येतो, पाच कोटीपर्यंतच्या दाव्यांसाठी. हा एक हिशेब.

"आता त्याच्याशी केलेला करार दाखवा."

करार नव्हताच. "दादा, ॲप बनवून दे" आणि "हो ताई" एवढाच व्यवहार, बाकी गुगल पे. त्यामुळे माहिती गुप्त ठेवायचं त्याने कधी कबूल केलं होतं हे दाखवायला कागदाचा एक कपटासुद्धा नाही.

दुसरा हिशेब ताईंचा आणि काकांचा. काकांनी आकडा त्या मुलाला दिला नव्हता, ताईंना दिला होता. नव्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलंय : काम बाहेरच्याकडून करून घेतलं तरी ग्राहकासमोर जबाबदार तुम्हीच. आणि बाहेरच्याला डेटा द्यायचाच तर वैध करार करूनच द्यायचा.

इथे आणखी एक दणका बसला, तो मी तुम्हाला मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण आपल्या शंभरातल्या नव्वद जणांनी हीच चूक केलेली असणार.

ताई म्हणाल्या, "ॲप माझं आहे, मी पूर्ण पैसे दिलेत. मी त्याला म्हटलं कोड आणि पासवर्ड दे, तर तो म्हणतो ॲप माझं." मॅडम म्हणाल्या, "कायद्याने बघितलं तर तो अगदीच चुकीचं बोलत नाहीये."

मी खुर्चीत सावरून बसलो. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये सॉफ्टवेअरचा कोड साहित्यकृतीत धरला जातो. पगारी नोकराने नोकरीचं काम म्हणून लिहिला तर मालकाचा. पण बाहेरच्या फ्रीलान्सरने लिहिला तर, वेगळा करार नसेल, तो लिहिणाऱ्याचा. पैसे दिल्याने तुम्हाला वापरायचा हक्क मिळतो, मालकी आपोआप मिळत नाही. मालकी घ्यायची तर लेखी आणि सही केलेलं हस्तांतरण लागतं. त्यातही मेख आहे. किती वर्षांसाठी ते लिहिलं नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर फक्त भारत. म्हणजे इंटरनेटवरून उतरवलेला अर्धवट करार केला, तर सहाव्या वर्षी तुमचं ॲप पुन्हा त्याचं!

डोमेन त्याच्या ईमेलवर, प्ले स्टोअरचं अकाउंट त्याचं, सर्व्हरचं बिल त्याच्या कार्डावर. दुकान ताईंचं, पण शटरची किल्ली, वीजमीटर आणि पाटी दुसऱ्याच्या नावावर. आज संध्याकाळी उठून आपलं डोमेन कोणाच्या नावावर आहे एवढं तरी बघा.

मॅडमनी पोलिसांच्या आधी त्या मुलाला एक पत्र लिहिलं. साधी भाषा, धमकी नाही. काय परत करायचं, काय पुसायचं, पुसल्याचं लेखी द्यायचं, आणि बाकी राहिलेला त्याचा एक हप्ता मिळेल. आठ दिवसांत डोमेन आणि कोड आला. डेटा त्यानेच विकला का, हे आजही पक्कं माहीत नाही. तक्रार दिलेली आहे, तपास चालू आहे.

ग्राहकांना सांगायचं की नाही?

हा सगळ्यात अवघड प्रश्न होता, आणि इथे ताई आणि मॅडम यांचं जरा वाजलंच.

ताई म्हणत होत्या, दहा जणांना फोन आलेत, बाकी चारशे जणांना कळवलं तर धंदा बसेल. घराचा हप्ता आहे, तीन बायका कामाला आहेत, त्यांच्या घरचंही यावरच चालतं. मला त्यांचं पटत होतं, खोटं कशाला बोलू.

मॅडमनी आधी कायदा सांगितला. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत डेटा फुटण्यासारख्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात, आणि ते आपल्याला लागू धरून चालायचं. ते तास उलटून गेले होते, तरी त्यांनी तिथल्या तिथे ईमेल लिहून पाठवायला लावला. नव्या कायद्याचे नियम लागू झाले की बोर्डाला आणि ज्यांची माहिती फुटली त्या प्रत्येकाला ताबडतोब कळवावं लागेल, बोर्डाला सविस्तर अहवाल ७२ तासांत.

"पण प्रत्येक ग्राहकाला कळवायची ती सक्ती आज नाहीये," ताई म्हणाल्या.

"नाहीये," मॅडम म्हणाल्या. "पण उद्या तुमच्या ग्राहकाला कोणी खोटं इन्शुलिन विकलं तर?"

खोलीत कोणी बोललं नाही. मग ताईंनी विचारलं, पत्रात काय लिहायचं.

ते पत्र मराठीत लिहिलं. काय झालं, कुठली माहिती बाहेर गेली असू शकते, आम्ही काय केलं, अनोळखी फोन आला तर काय करायचं, आणि कोणाशी बोलायचं. 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' हे वाक्य मॅडमनी खोडलं. म्हणाल्या, ही गैरसोय नाहीये.

आता फॉर्म कसा आहे

जुन्या फॉर्ममध्ये १९ रकाने होते. आता सात आहेत. मी शिकवलेले वाढदिवस वगैरे सगळे गेले.

नव्या कायद्यातलं तत्त्व सोपं आहे : ज्या कामासाठी माहिती घेतली, त्याच कामाला वापरायची. कायद्याने स्वतःच उदाहरण दिलंय. औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक मोबाइल नंबर देऊन म्हणते, पावतीचा एसएमएस पाठवा. दुकानदाराने पावती पाठवावी. मग त्याच नंबरवर दिवाळी ऑफर टाकायची तर त्यासाठी वेगळी, स्पष्ट संमती घ्यायची. आधीच टिक मारलेला चौकोन चालणार नाही. आणि संमती मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय ग्राहकाला द्यायची आहे. मराठी त्यात आहे. तेव्हा कुठल्या तरी अमेरिकन वेबसाइटवरून चिकटवलेली बारा पानांची प्रायव्हसी पॉलिसी तुमच्या ग्राहकाच्या काही उपयोगाची नाही आणि तुमच्याही नाही.

क्लासेसवाल्यांनी जास्त जपायचं. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना पालकांची पडताळता येईल अशी संमती लागणार आहे, आणि मुलांवर लक्ष ठेवून त्यांना जाहिराती दाखवणं बंद. युरोपात माल पाठवणाऱ्यांना तिथला जीडीपीआर आधीपासून, मे २०१८ पासून, लागू होऊ शकतो. तुमच्याकडे जर्मनीचा ग्राहक असेल तर वकिलाला ते पहिल्या भेटीतच सांगा.

वहीचं काय, असं ताईंनी विचारलं. नवा कायदा डिजिटल माहितीला लागतो. वही वहीच राहिली तर नाही, फोटो काढून शीटमध्ये भरली की लागला.

असा वकील शोधायचा कसा?

वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमाने बंदी आहे. म्हणून इन्स्टावर 'डीपीडीपी सर्टिफिकेट ४९९९ मध्ये' असं कोणी दाखवत असेल तर जरा थांबा. छोट्या धंद्याने असं सर्टिफिकेट घ्यावं असं कायद्यात कुठेही नाही. ओळखीच्या सीएला विचारा, एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या माणसाला विचारा, जिल्हा बारमध्ये चौकशी करा. भेटल्यावर मी एकच कसोटी लावतो : वकील आधी तुमचा धंदा समजून घेतो, की आधी टेम्प्लेट काढतो?

फी ठरवताना लाजू नका. कोणी तासावर घेतात, कोणी कामावर, कोणी महिन्याला ठरावीक. 'केस जिंकली तर इतके टक्के' असा सौदा मात्र वकिलाला करता येत नाही. ताईंची सगळी मिळून फी ॲपवर घातलेल्या पैशांच्या पाव भागाएवढीही झाली नाही. घरून नकाशा काढून नेला असता तर आणखी कमी झाली असती, कारण आमचा पहिला तास फळा भरण्यातच गेला. तुम्ही जाण्याआधी एका कागदावर ते बाण काढा. सोबत ॲपवाला, पेमेंटवाला, कुरिअरवाला यांच्याशी झालेले करार, नसतील तर व्हॉट्सॲपवरचं बोलणं. आणि काही लपवू नका. वकिलाला सांगितलेलं गुप्त ठेवण्याचं बंधन त्यांच्यावर कायद्याने आहे.

पत्र गेल्यावर पहिल्या आठवड्यात ताईंचे २३ ग्राहक गेले. त्यातले सहा परत आले. काका गेलेच नाहीत. त्यांनी पत्र वाचून फोन केला आणि म्हणाले, "डबा चालू ठेव. फक्त माझ्या नावापुढे आकडा लिहू नकोस. 'भात नको, भाकरी दोन' एवढंच लिही."

आता ताईंच्या शीटमध्ये सगळ्यांच्याच नावापुढे तेवढंच असतं.